भाच्याने मागितलेला गोल

तीर्थरूप कब्देनमामांना, कोकबेलहून भाचा तोलेगेनचा लवून सलाम.

तुमची गुरं-माणसं खुशाल आहेत ना? (गुरं आधी विचारली म्हणून मामींनी रागावू नये, आपल्यात विचारतात तसंच विचारलं.) घोडीच्या पायाची सूज उतरली का? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडचं क्षेम आहे असं लिहायला मात्र माझा हात धजत नाही. शनिवारपासून तोंडचं पाणी पळालंय. तुमची भाचेसून शिनार चहा पुढे ठेवते आणि मी त्याच्याकडे बघत बसतो.

आमच्या 'कोकबेल' फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांचा मी अध्यक्ष, हे तुम्ही जाणताच. (बिनविरोध. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.) यंदा संघ वरच्या गटात गेला, तर शहरातले गिरणीमालक ओराझबेक त्याला पोसणार, नाही गेला, तर पुढच्या वर्षी संघच नाही. मालकांना त्याआधी एवढंच बघायचं होतं, की मुलूख संघाच्या पाठीशी आहे की नाही. मी म्हटलं, शनिवारी या आणि आपल्या डोळ्यांनी बघा. आले बिचारे. आणि मुलूखही लोटला! मेंढपाळ कुरणांवरून उतरले, म्हाताऱ्या तळलेल्या बाउरसाक-पुऱ्यांच्या पिशव्या घेऊन आल्या, मैदानाशेजारचा चढ माणसांनी भरून गेला. "तोलेगेन, एवढी माणसं माझ्या पोराच्या लग्नालाही नव्हती रे," मालक म्हणाले. मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

मध्यंतरापर्यंत बरोबरी होती. मग समोरच्यांनी एक नवा पोरगा उतरवला, आणि चढावरून बातिमा आजी किंचाळल्या, "अगं बाई, हा तर आपल्या कुल्याशचा रौआन!" मामा, मी कुंपणाकडे धावलो. कुल्याश आमच्या गावची लेक, त्यांच्या गावात दिलेली. म्हणजे हा अख्ख्या कोकबेलचा भाचा. आणि आमचा गोलरक्षक डोसबोल तर तिचा सख्खा भाऊ! पोरगा थेट गोलपाशी गेला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मामा, माझी तिन्ही मागणी शिल्लक आहेत. एक गोल द्या."

(भाच्याने आजोळी तीनदा काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, ही रीत घोड्यांसाठी आणि कोटांसाठी आहे, गोलसाठी नाही, असं मी कुंपणावर चढून बोंबलत होतो. ऐकतंय कोण!) डोसबोल गोल सोडून हलला नाही, खोटं कशाला बोलू, पण चेंडू आला तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. गोल झाला. आणि आमचे पाठीराखे, मी घरोघर फिरून जमवलेले, उठून नाचायला लागले! बायकांनी पोरावर मुठीमुठीने खाऊच्या गोळ्या उधळल्या. म्हातारे मैदानात घुसून रांगेने त्याच्या कपाळाचे मुके घ्यायला लागले. पंचाने शिट्टी फुंकून फुंकून गाल सुजवून घेतले. दुसरं मागणं, आणखी एक गोल. डोसबोल जरा घुटमळला, तर सगळा चढ त्याच्यावर तुटून पडला, "दे की रे चिक्कू! बहिणीला काय तोंड दाखवशील?" तोही गोल झाला. तिसऱ्या मागण्यात रौआनने त्याचे हातमोजे नेले. उरलेला सामना आमचा गोलरक्षक हात काखेत घालून उभा होता.

मालक गाडीत बसताना म्हणाले, "पाठिंबा जबरदस्त आहे हो. पण कुणाला?" मी गाडीचं दार लावून दिलं. आता एकच सामना उरलाय. तो जिंकलो तर वर, नाहीतर संघ गेला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्या रिकाम्या मैदानावर मी रडलो, मामा. ही भाच्यांची रीत सरकारने तातडीने बंद करावी, असं माझं ठाम मत झालंय.

मामींना सलाम, धाकट्यांना पापे.

तुमचा,
तोलेगेन

ता. क. उरलेला सामना येत्या शनिवारी तुमच्याच गावाशी आहे आणि गोलात तुमचा एर्केश असतो, हे आत्ता आठवलं. मी तुमच्याकडे आजवर दोनच गोष्टी मागितल्या, एक शिंगरू आणि एक खोगीर. तिसरं मागणं म्हातारपणासाठी राखून ठेवलं होतं. आपल्यात मामाचा मुलगाही मामाच. एक गोल पुरे.

आणखी ता. क. शिनार म्हणते, भाच्याने समोर उभं राहून मागावं लागतं, पत्राने चालत नाही. म्हणून मी आत्ताच जाऊन खेळाडूंत नाव घातलंय. शेवटी शेवटी उतरेन. माझ्या लाथेने चेंडू गोलपर्यंत पोचेल याची खात्री नाही. वाटेत थांबला, तर एर्केशने पुढे यावं आणि तो आत नेऊन ठेवावा.