पट्टीवर वाढणारं ऑईल

१ जानेवारी १९८६, बुधवार. निपाणी.

मालकांनी आज दोन वस्तू हातात दिल्या. खताच्या कंपनीची ही डायरी, आणि नव्या गाडीची चावी. डायरी त्यांना नको होती. चावी मात्र विचार करून दिली, असं मी धरतो.

गाडी दिवाळीनंतर आली. चॉकलेटी रंग, पाच गिअर, काट्यावर एकशे ऐंशीपर्यंत आकडे. तंबाखूच्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाकडे अशी नाही. चौथा गिअर पडेपर्यंत शंभर झालेले असतात आणि पायाला कळतही नाही. अशा इंजनाला वयस्कर हात पाहिजे.

अट अशी. महिनाअखेरीस बेळगावला दुसरी सर्व्हिस. मेस्त्रीने इंजन ठीक म्हटलं तर गाडी कायमची माझ्याकडे. नाही म्हटलं तर भरमाकडे, आणि मी परत जुन्या जीपवर. भरमा आमची लॉरी चालवतो. वय तेहतीस, स्टेअरिंगवर एकच हात.

मी बावीस वर्षं या घरची गाडी चालवतो. एक अपघात नाही. जीपचं इंजन तीनदा बांधावं लागलं, पण तिन्ही वेळा दोष रस्त्याचा होता.

संकल्प. एक, रोज सकाळी ऑईल बघायचं. दोन, रोज नोंद करायची. तीन, जीपला जी शिस्त लावली तीच हिला. साडेपाचला स्टार्ट करायची, थंड इंजन उठवायचा चोक पूर्ण ओढून ठेवायचा आणि शेजारी पोत्यावर बसून एक माळ जप. पंधरा मिनिटं लागतात. झोपलेल्या माणसाला आपण धक्का मारून उठवत नाही. इंजनही तसंच.

४ जानेवारी, शनिवार

ऑईलची पट्टी ओढली. रंग बदलला आहे. मागच्या महिन्यात घातलं तेव्हा मधासारखं होतं. आता तंबाखूच्या वखारीच्या नळाखाली हात धुतल्यावर जे पाणी निघतं तसं. गाडी अजून दोन हजारही चाललेली नाही.

अंगठा आणि बोट यांच्यात घासून बघितलं. वास घेतला. पुन्हा घासलं. भरमा लॉरीचं चाक ठोकत उभा होता. म्हणाला, "काळं व्हणारच की आप्पा. इंजन हाय ते, तूप न्हाय."

ज्याला ऑईलबद्दल प्रेम नाही त्याच्याशी काय बोलणार.

७ जानेवारी, मंगळवार

आज विचित्र घडलं. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची कमीची आणि वरची फुल्लची. एक तारखेला ऑईल फुल्लच्या सूतभर खाली होतं. आज बरोबर फुल्लवर. मी थेंबही घातलेला नाही.

तीनदा पुसून बघितलं. मग शेडची फरशी उताराची असेल म्हणून घरून परात आणून पाणी भरून ठेवली. पाणी सगळीकडे सारखं. फरशी सरळ आहे.

इंजन ऑईल खातं हे सगळ्यांना माहीत आहे. ऑईल वाढवणारं इंजन मी ऐकलेलं नाही. बराच वेळ पोत्यावर बसून राहिलो. डोळे ओले झाले हे फक्त इथेच लिहितो. जोतिबाने आपल्यावर हात ठेवला, असं वाटलं.

परात परत नेली तेव्हा मनुबाईने चौकशी केली. बायकोपासून काय लपवायचं म्हणून सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दूध वाढलं की पाणी पडलं म्हणायचं. ऑईल वाढलं की देव व्हय?"

बायकांना इंजनातलं कळत नाही. परात तेवढी नीट घासून घेतली तिने. दोनदा.

८ जानेवारी, बुधवार

कृपा असेल तर आपणही काही वाढवायला पाहिजे. आजपासून दोन माळा.

११ जानेवारी, शनिवार

फुल्लच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि वास आला. पेट्रोलचा.

आता ही कृपा नव्हे. कृपेला पेट्रोलचा वास येत नसावा.

कुणाचं काम असेल, याचा विचार केला. पंपवाला ऑईलमध्ये काही मिसळू शकत नाही, तो बॉनेट उघडतच नाही. मालक स्वतः परवा संकेश्वरपर्यंत स्टेअरिंगवर बसले आणि एकशे दहाने नेली. त्याने इंजन दुखावलं असेल, पण मालकांचं नाव घेणं बरं नाही. राहिला भरमा. लॉरीच्या टाकीतून नळीने काढायचं आणि इथे ओतायचं. पण लॉरी डिझेलची. तरीही भरमाच.

शेडला नवीन कुलूप लावलं. किल्ली जानव्यासारखी गळ्यात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

सगळ्यांना तिळगूळ दिला. भरमालाही दिला. तो पाया पडला. त्यानंतर कुलूप ओढून बघितलं, ठीक होतं. म्हणजे तो कुलपाला हात न लावता करतो.

ऑईल आणखी वर. आजपासून तीन माळा. पाऊण तास जातो, पण संकटात वेळ मोजत नाहीत.

मालकीणबाईंनी निरोप पाठवला की मागच्या दोरीवरच्या धोतरांवर रोज काजळी पडते. मी आजूबाजूच्या दोन वखारींची धुराडी बघून आलो. दोन्ही बंद होती. संक्रांतीची सुट्टी. उद्या पुन्हा बघायचं.

१७ जानेवारी, शुक्रवार



मालकांना घेऊन तवंदीचा घाट चढलो. वर पोचल्यावर एका बैलगाडीसाठी गाडी हळू केली आणि ऑईल प्रेशरचा काटा खाली बसला. अगदी खाली, शून्याला टेकला. मी ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा तो उठला, म्हाताऱ्यासारखा, हात टेकत. मागे मालक पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं त्याचा आवाज मला इंजनाचा वाटला.

काटा शून्यावर म्हणजे ऑईल पोचत नाही. ऑईल पोचत नाही म्हणजे बेअरिंग जाणार. बेअरिंग गेलं म्हणजे मी गेलो.

परत आल्यावर जोतिबाचा फोटो, जो गाडीत डॅशबोर्डवर मधोमध चिकटवला होता, तो काढून डावीकडे त्या काट्यावर लावला. लपवण्यासाठी नाही. जो भाग आजारी आहे त्याच्यावर देवाची नजर असावी, एवढंच.

१९ जानेवारी, रविवार

ठरलं. मालकांना सगळं सांगायचं. वाढणारं ऑईल, वास, काटा. बावीस वर्षांची चाकरी आहे, ते ऐकतील. उद्या सकाळी.

२० जानेवारी, सोमवार

मालकांचा उपास. उपाशी माणसाला वाईट बातमी देऊ नये.

२१ जानेवारी, मंगळवार

सांगायला गेलो. मालक म्हणाले, काय सत्याप्पा, गाडी खुश आहे ना? मी म्हणालो, मी खुश आहे. ते गाडीबद्दल विचारत होते हे नंतर लक्षात आलं, पण उत्तर देऊन झालं होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

येळ्ळूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. गुरुजी सांगायचे, गणित अडलं तर पहिल्या ओळीपासून पुन्हा बघ. म्हणून आज पहिल्या ओळीपासून बघितलं. गाडी चांगली. रस्ता चांगला. ड्रायव्हर चांगला. ऑईल तेवढं वाढतं. पुन्हा बघितलं. तेच.

मनुबाई म्हणाली, एक दिवस जप घरात बसून करा, गाडीला एकटीला राहू द्या, मग बघा काय होतंय ते. मी म्हणालो, आजारी माणसाला सोडून कुणी उठतं का. यावर तिने परात घासायला घेतली. तिचं परात घासणं मला अलीकडे आवडेनासं झालं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

सर्व्हिसची तारीख आली. सोमवारी बेळगाव. स्वतः मालक येणार.

ऑईल फुल्लच्या वर बोटभर. पातळ इतकं की पट्टीवरून पाण्यासारखं ओघळतं. जेवण जात नाही. जीपवर पोती वाहायला लाज नाही, लाज आहे ती भरमाच्या दया करण्याची. काल त्याने विचारलं, "आप्पा, तब्येत बरी न्हाय का? सोमवारी मी नेऊ का गाडी?" बघा, कसा टपून आहे.

सोमवारी साडेचारला उठून पाच माळा. त्याहून जास्त माणूस काय करू शकतो.

२७ जानेवारी, सोमवार. परत आल्यावर.

जसं घडलं तसं लिहितो.

पाच माळा पूर्ण केल्या. निघालो. घाटात फोटोमागे काटा काय करतो आहे हे दिसत नव्हतं, ते जास्त वाईट. संकेश्वरनंतर एका हाताने फोटोचा कोपरा उचलून बघितलं. खाली होता. पुन्हा चिकटवला. चाळीसच्या वर नेली नाही. एस. टी. पुढे गेली, दोन ट्रक पुढे गेले, गुळाची बैलगाडी तेवढी मागे राहिली. मालकांनी एकदा विचारलं की आपण सावकाश का चाललोय. मी म्हणालो, सर्व्हिसच्या आधी इंजनाला विश्रांती देतात. बेळगावच्या अलीकडचं काकती आलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. जानेवारीत.

गॅरेज बेळगावात, अनगोळला. मष्णू मेस्त्री माझ्याच वयाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने पट्टी ओढली, नाकाला लावली आणि एक थेंब पेपरवर टाकला. मधे काळा ठिपका राहिला, भोवती मोठं ओलं कडं पसरत गेलं. त्याने हाताखालच्या माणसाला कानडीत सांगितलं की हे ऑईल नाही, सरबत आहे. त्याला वाटलं मला कानडी येत नाही.

मग त्याने एकच प्रश्न विचारला. सकाळी गाडी कशी चालू करता?

शेवटी कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. मी मनापासून सांगितलं. साडेपाच. चोक पूर्ण बाहेर. पोतं. एक माळ, नंतर दोन, नंतर तीन, आज पाच. पोत्यावर कसा बसतो तेही दाखवलं. मालक ऐकत होते. मला वाटलं, आज त्यांना कळेल या गाडीसाठी मी काय केलं आहे.

मेस्त्रीने चष्मा काढून पुसला. माझ्याशी नाही, मालकांशी बोलला. आवाज चढवला नाही.

"चोक अर्धा मिनिट पुरे, मालक. हे रोज तास तास पेट्रोल पाजायलेत. जळणार किती? उरलेलं खाली उतरून ऑईलात बसतंय. म्हणून ऑईल वाढतंय, म्हणून पातळ. काजळी पडत असंल की शेडात."

मालक म्हणाले, धोतरांवर पडते.

मग मेस्त्रीने इंजन चालू केलं, आत वाकून जोतिबाचा फोटो अलगद सोडवला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. फोटोमागचा खाली बसलेला काटा सगळ्यांनी बघितला.

बेअरिंगला थोडं लागलं आहे, पण इंजन वाचलं, असं तो म्हणाला. आणखी आठवडा गेला असता तर खोलावं लागलं असतं. ऑईल बदललं, प्लग साफ केले. संध्याकाळचे चार झाले.

मालक रागावतील म्हणून मी तयार होतो. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "सत्याप्पा, एवढा जप करून मागत काय होतास?"

मी म्हणालो, इंजन नीट राहू दे, एवढंच.

त्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. येताना गाडी त्यांनी चालवली. मी मागे बसलो, मालकांच्या जागेवर. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सीट चांगली मऊ आहे. कुठे हात ठेवायचे कळत नाही.

घरासमोर उतरताना ते म्हणाले, "जप सोडू नको. फक्त चावी खिशात ठेवून कर."

कुठली चावी, ते त्यांनी सांगितलं नाही. सकाळी कळेल.

२८ जानेवारी, मंगळवार

जीपची.

पहाटे शेडमध्ये गेलो. भरमा आधीच आला होता. त्याने चोक ओढला, नवी गाडी चालू केली, मनात वीस मोजले, चोक आत ढकलला आणि गेला. जाताना काच खाली करून म्हणाला, "येतो, आप्पा." दया नव्हती आवाजात. शोधली, सापडली नाही.

मी पोत्यावर बसलो. इंजन बंद, शेड शांत, माळ हातात. एकेचाळिसाव्या मण्यापर्यंत आलो आणि अडकलो. पुढे नावच येईना. सगळीकडे इतकं शांत होतं की दुसऱ्या घरातल्या भांड्यांचा आवाज ऐकू येत होता. एवढी वर्षं जप मी म्हणत होतो की इंजन म्हणत होतं, ते आज समजलं नाही.

मग उठलो. जीपचं बॉनेट उघडलं. बारा वर्षं माझ्या हाताखाली असलेली जीप, तीनदा इंजन बांधलेली, तिन्ही वेळा रस्त्याच्या दोषामुळे. पट्टी ओढली. खूण बघितली. नाकाजवळ नेली. वास ओळखीचा होता.

पुसून परत ठेवली.

जीपच्या ऑईलची नोंद या डायरीत करायची नाही. हा नवीन संकल्प.