तीन महिने पूर्ण होईपर्यंत

मयंक,

"मी एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालो, तूही तपासून घे," एवढंच सांगून तू फोन ठेवलास. परत लावला तर नंबर बंद. हे पत्र पाठवायला तुझा पत्ताही माझ्याकडे नाही.

आपल्या त्या भेटीला तेव्हा तीन आठवडे झाले होते. सरकारी दवाखान्यातल्या गुजराती समुपदेशक बाई म्हणाल्या, "आज निगेटिव्ह आहे, बेन, पण इतक्यात खात्री देता येत नाही. तीन महिने पूर्ण झाले की परत या."

तेव्हापासून मकरपुऱ्याला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये मी गळ्याला गाठ आलीय का, ते चाचपत बसते. साधी कणकण आली तरी रात्रीतून चार वेळा ताप मोजते.

काल वासण्याला ताईकडे गेले. तिच्या तान्ह्या मुलीला मी जवळ घेईना. घेतल्याने काही होत नाही, हे बाईंनी सांगितलं होतं, तरी धीर होईना.

"माझा राग आलाय का तुला?" ताईने विचारलं.

मग सगळं सांगितलं. ताईने उठून पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. "तपासणीला मीही येते," म्हणाली.

उद्या तीन महिने पूर्ण होतात. भीती गेलेली नाही, पण सोबत ताई आहे. तुझ्यासोबत कोण आहे रे?

दीप्ती