बंदीची मतं आणि ओविदियोची पाठ

लाडके निन्फा,

आपल्या कार्तागोच्या चर्चमधल्या काळ्या माउलीची सावली तुम्हा सगळ्यांवर राहो. मी धडधाकट आहे. न्यूयॉर्कात थंडी मरणाची, पण माझं स्वयंपाकघर ऊबदार आहे. आईचा खोकला थांबला का?

माणसाची हुबेहूब नक्कल बनवायला जगभर बंदी हवी, म्हणून आपल्या देशाचे राजदूतसाहेब देशोदेशीच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावून राष्ट्रांच्या सभेसाठी मतं मागतात. रांधते मी. साहेब म्हणतात, "माणूस काय कुंपणाचं झाड आहे, फांदी खोचली की उगवायला?" मलाही पटलं होतं.

पण काल एक पाहुणी उसळली. "नक्कल कुणालाच नकोय! तुम्ही तर इवल्या गर्भाच्या पेशींवरचा सगळा शोधच बंद करताय. त्यातून कधीतरी मोडलेला कणा सांधता येईल, त्याचं काय?"

आपला ओविदियो चाकाच्या खुर्चीत बसलेला डोळ्यांपुढे आला. मी मधेच विचारलं, "कधी सांधेल?"

"ते कुणालाच ठाऊक नाही," बाई म्हणाली.

"आणि त्यासाठी उमलता जीव मारायचा?" साहेब म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "युलालिया, गोड आण."

आणलं. दोघंही खरं बोलल्यासारखी वाटली, डोक्याचा नुसता भुगा झाला. पाद्रीबाबांना विचारू नकोस, ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. तू ओविदियोची आई, तू सांग.

माझ्या हातच्या, केळीच्या पानात उकडलेल्या मक्याच्या तामाली खाऊन दोन देश साहेबांकडे वळले म्हणे. मतदानाआधी अजून पंगती उठायच्या आहेत. मन लावून रांधू, की मीठ जास्त पडू देऊ? लवकर कळव.

ओविदियोला यातलं अवाक्षर सांगू नकोस. त्याला नुसता माझा पापा दे.

तुझी चिडकी ताई,
युलालिया