बाबांचे गुळगुळीत पाय

बाबा, आज आई पुन्हा म्हणाली, "मीच खाल्लं त्याइले." सत्तरी ओलांडली तिनं. दुपारी काय जेवली ते विसरते, हे मात्र विसरत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही बाभुळगावहून यवतमाळच्या कापसाच्या जिनात कामाला रोज सायकलनं जायचात. वर्षातून एकदा यवतमाळ ते नेर आणि परत अशी शर्यत असायची, बाकीचं वर्ष तुम्ही तिच्यासाठीच जगायचात. सीटनं मांड्या सोलवटून निघत. आई कडुलिंबाचा पाला उकळून पाणी द्यायची, आणि ते कढत पाणी ओतून घेताना तुमच्या तोंडून आवाज निघत नसे. मला म्हणायचात, "दुखते म्हनलं की जास्तच दुखते." नागपूरच्या कुण्या जुन्या सायकलवाल्यानं तुम्हाला पायांचे केस काढायला सांगितलं होतं. पडलं की रस्त्याची खडी कातड्यात घुसते. केस नसले तर जखम नीट धुता येते, पट्टी काढताना जीव जात नाही. गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या कुणाला हात लावत नसे, धम्मदीक्षेच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. मग तुम्ही जुनं ब्लेड काचेच्या पेल्यात आतून घासून त्याला धार लावायचात आणि अंगणात पाय पसरून बसायचात. पोटरीच्या मागं तुमची नजर पोचत नसे. ते काम माझं.

आई चुलीपुढून ओरडते आहे, "बाईमानसाचे नसतीन इतके गुळगुळीत झाले! आता पैंजन आना म्हनावं." तुम्ही हसता. "आन न व, दोन्ही पायाले आन. घंटी तरी वाजवा लागनार नाही." मीही हसायचे. पण चौथीत गेल्यावर हसू येईनासं झालं. शाळेत पोरी म्हणायच्या, "तुह्या बापाचे पाय पाह्यले का व? नवरीवानी दिसतेत." शर्यतीच्या आदल्या दिवशीही त्या हेच म्हणाल्या होत्या. घरी आले तर तुम्ही ब्लेड घेऊन माझीच वाट बघत होता. मला ते लवकर उरकायचं होतं. कुणी पाहण्याआधी.

घोट्याच्या मागं ब्लेड आत गेलं. रक्त आलं तशी मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "कायले रडतं? खडीनं याच्याहून मोठं फुटते," आणि शेळी बांधायच्या जागेची चिमूटभर माती उचलून त्यावर दाबली. आपल्याकडे सगळे तेच करत. दुसऱ्या दिवशी शर्यतीत तुम्ही दुसरे आलात. चार दिवसांत जखम मिटलीही.

नवव्या दिवशी तुमचा जबडा आखडला. शर्यतीनं अंग धरलं असेल म्हणून तुम्ही तसेच सायकल मारत जिनात गेलात आणि दुपारी लोकांनी तुम्हाला बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा तुमची पाठ धनुष्यासारखी वाकत होती. डॉक्टरनं विचारलं, "हा धनुर्वात आहे. कुठं लागलं होतं का? खिळा, काच, काही?" बोलताबोलता त्यानं पायांवरची चादर वर केली. कंपाउंडर म्हणाला, "अरे बाप्पा, हे तर तमाशातले पाय!" शेजारच्या खाटांवरचे लोक हसले. आईनं झटक्यात चादर खाली ओढली. म्हणाली, "नाही जी, कुठीच लागलं नाही." तिला खरंच माहीत नव्हतं, ब्लेड लागलं तेव्हा ती घरी नव्हती. डॉक्टरनं मग पुन्हा चादर उचलली नाही. तुमचे दात बसलेले होते, पण डोळे उघडे होते, आणि ते माझ्याकडे होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

सांगितलं असतं तर तुम्ही वाचला असता का, हे मला कुणीच नक्की सांगू शकलं नाही. मी दोन डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं. एक म्हणाले, जखम उघडून साफ केली असती तर कदाचित. दुसरे म्हणाले, तोवर उशीर झालेला असतो. या दोन उत्तरांच्या मधे मी इतकी वर्षं काढली, बाबा. आई चादरीचं बोलते. "मी काहून झाकले व त्याइचे पाय? डॉक्टरले पाहू द्याचे होते." मी तिचा हात हातात घेते आणि म्हणते, "तुझी चूक नाही." पुढचं एक वाक्य बोलले तर ती मोकळी होईल. आज ते ओठांपर्यंत आलं होतं. मी तिला विचारलं, चहा घेतेस का?

नवऱ्याला मात्र फार पूर्वी सांगितलं, अर्धंच. म्हटलं, कुणाला सांगायचं नाही अशी बाबांनी मला शपथ घातली होती. तो म्हणाला, मग तू काय करणार होतीस, लेकरूच तर होतीस. ते ऐकून बरं वाटलं, म्हणून पुढं मी स्वतःलाही तेच सांगत आले. तुम्ही शपथ घातली नव्हती, बाबा. लोक हसत होते, आणि ते पाय मी भादरते हे त्यांच्यासमोर बोलायची मला लाज वाटली.