दादाचं एकशे दहाचं मशीन

मंगळ., ३ फेब्रु.
दादाचं मशीन आलं, अमेरिकेतनं. हवेतला ऑक्सिजन ओढून नळीने नाकात सोडतं. सुटले एकदाची, सिलिंडर बदलून बदलून खांदे गेले होते. बाबा खोक्याकडे बघून नुसते हसतायत. "माज्या पोरानं धाडलाय." आणि मी कोण, शेजारीण?
मागे बारीक अक्षरात: ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३०, ५०. दादाला विचारलं तर म्हणे, "अॅडाप्टर लाव ना." अॅडाप्टरने पिन बसते, व्होल्टेज बदलत नाही. बारावी नापास मी, मला कळतं.

गुरु., ५
समोरच्या पॉवरलूम कारखान्यातले वायरमन सलीमभाई आले, भर दुपारी. डिमर आणला; चकती फिरवली की व्होल्टेज कमीजास्त. काटा ११० वर आणून चकतीवर चिकटपट्टी मारली. "ताई, अब हात नको लावू. एकदम सेट." ६० हर्ट्झचं काय, विचारलं. "थोडा गरम होगा. चलता है."
पण चाललं! ऑक्सिमीटर ९३. बाबा घोरले, माझ्या भाकऱ्या निवांत झाल्या.

शुक्र., ६

आज लूमची सुट्टी, आमची कामतघरची वस्ती चिडीचूप. भांडी घासत होते, मशीनचा सूर चढला. धावले. जळका वास, डिमरचा काटा १४० वर. प्लग खेचला.
मूर्ख मी! लूम चालू असले की व्होल्टेज पडतं, बंद झाले की उसळतं. शुक्रवारी घरातला पंखासुद्धा पळतो, जन्मभर बघतेय. आणि ११० लावलं कधी, तर चालू शिफ्टमध्ये. सलीमभाईंच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.
बाबा ८४. मग ८१. ओठ निळे. सिलिंडर उघडायची चावी सापडेना... सापडली. थोडा गॅस उरला होता म्हणून वाचले.

शनि., ७
डॉक्टर कडाडले. "श्वासावर प्रयोग करता?" ५० हर्ट्झवर ती मोटर हळू चालते, ऑक्सिजनही धड मिळत नसेल म्हणाले. इथलं मशीन भाड्याने आणलं. बाबा नळी लावून घेईनात. "न्हाय! माज्या पोराचा लाव."
जळलं म्हणून सांगवेना. ते झोपल्यावर इथलं मशीन पलंगाच्या डोक्याशी, पडद्याआड लावलं. दादाचं समोर, नुसतं शोभेला. पाप लागायचं तर लागो.

रवि., ८
व्हिडिओ कॉल. बाबा: "तुजा मशीन झकास हाय रं. झोप लागते." दादाचे डोळे भरले. "सुमे, अजून एक पाठवतो, स्पेअर." मी "बरं" म्हटलं. का म्हटलं? जीभ झडली होती का माझी?

बुध., ११
चहा देताना बाबांनी माझा हात धरून पलंगाच्या लोखंडी पट्टीवर ठेवला. तीस वर्षं लूम दुरुस्त केले, ऐकू कमीच येतं त्यांना. पण कुठला लूम बिघडलाय ते हात लावून सांगायचे. पडद्यामागच्या मशीनने पट्टी बारीक थरथरत होती.
"ह्या माज्या पोराचा न्हाय."
मी कप खाली ठेवला.
"शनवारपासनं म्हाईत हाय मला."
"मग दादाला खोटं का बोललात?"
"लय लांब हाय त्यो. तू नको सांगू."
रडू आलं, रागही आला. मी जवळ आहे म्हणून सगळं मीच गिळायचं?
संध्याकाळी दादाचा मेसेज. दुसरं मशीन ऑर्डर करतोय, पत्ता तोच ना?
वाचलाय, हे त्याला दिसत असणार. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.