दह्याच्या गाडीची हाक

प्रिय इन-सॉप,

वांदो बेटावर समुद्री शेवाळाची काढणी सुरू झाली असेल. खाऱ्या पाण्याने तुझे हात पुन्हा फुटले असतील. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आपलं लग्न मोडलं तेव्हाही नाही.

सेजोंगमधला तो वळणाचा चौक मी टाळते, लांबून वळसा घालते. तरी बे काकू दिसतातच. दह्याच्या बाटल्यांची त्यांची विजेवरची गाडी आणि तिच्यावर आपण बसवलेली, जवळच्या बसला बिनतारी हाक मारणारी पेटी. पेटी बसवताना त्या म्हणाल्या होत्या, “अगं, ही सारखी ‘मी इथे आहे, मी इथे आहे’ म्हणून ओरडणार, मग मी काय तोंडाला कुलूप लावू?” तू पोट धरून हसला होतास. ते हसू अजून कानात येतं आणि मी कामातून उठून जाते.

गाड्यांच्या हाकांसाठी राखलेल्या रेडिओ लहरी घरातल्या वायफायलाही वापरू द्यायच्या, आणि गाडीची हाक आली की वायफायने गप्प बसायचं, एवढीच आपली चाचणी. टीमप्रमुख क्वोन म्हणाले, “छुसॉक सणाच्या सुट्टीत उरकून टाका, रस्ता आयता मोकळा मिळेल.” मिळालाही. पण अख्खी वसाहत पितरांना पान वाढायला गावी गेली होती. घरं बंद, घराघरांतली आपली वायफायची यंत्रंही बंद. त्या शांततेत प्रत्येक हाक तू चालवत असलेल्या बसला लख्ख ऐकू आली आणि ‘दोघं एकत्र नांदतील’ असा अहवाल मी लिहिला. मलाही आईकडे जायची घाई होती.

सुट्टी संपली, लोक परतले. सोमवारी सकाळी कचऱ्याच्या ट्रकमागून बे काकू वळल्या आणि समोर तुझी बस होती. काकू वाचल्या नाहीत. सगळे म्हणाले, हाक पोचून बसमध्ये इशारा वाजला असणार, चालकाचंच लक्ष नव्हतं. तूही मान खाली घालून म्हणालास, “वाजला असेल. मलाच ऐकू आला नसेल.” मी तुझ्या शेजारी उभी होते.

काकूंच्या पेटीची नोंद आणि तुझ्या बसची नोंद, दोन्ही मी तेव्हाच पाहिल्या होत्या. पेटी शेवटपर्यंत सेकंदाला दहा वेळा हाक मारत होती. बसपर्यंत एकही पोचली नाही, घराघरांतल्या वायफायच्या गलक्यात बुडाली. नोकरीच्या भीतीने मी दोन्ही नोंदी दडवल्या. काल त्या पोलिसांत देऊन आले. माफी मागायला मला तोंड नाही. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते आहे. इशारा वाजलाच नव्हता, इन-सॉप. तुझं लक्ष होतं.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
सु-ग्यॉंग