पहिल्या रांगेतली खुर्ची

तुझ्या सिनेमात मरताना आजोबांच्या तोंडी "मला चीनला न्या" हे वाक्य घालायला तुला कुणी सांगितलं? खरं तर शेवटी ते मला म्हणाले होते, "पंखा जरा इकडे फिरव गं."

वेंग-हो बाळा,

चीन त्यांनी कधी पाहिलाच नाही. इथे मलेशियातल्या इपोहमध्ये जन्मले, इथल्याच कथिलाच्या खाणीत राबले. शहरातल्यांनी तुझ्या सिनेमाला टाळ्या वाजवल्या, वाजवू देत. पण आता मेलेले परत येतात त्या भुतांच्या महिन्यात तो देवळाच्या अंगणात लागणार. पहिली रांग मेलेल्यांसाठी रिकामी ठेवतात, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तिथे बसलास म्हणून माझा मार खाल्ला होतास. म्हणजे न पाहिलेल्या गावासाठी आपण पडद्यावर कसे रडलो, हे आजोबा समोर बसून बघणार.

तुझी आई म्हणते, "आई, सिनेमाच तर आहे!" तिचं काय जातं? नवऱ्याच्या पाठीमागे मी बसणार आहे. त्यांनी वळून विचारलं, तर काय सांगू? थकले रे मी.

हे टपालात टाकत नाही, नाहीतर ह्याचाही सिनेमा करशील. खेळाला आलास की हातात ठेवीन. मला उत्तर नको. उदबत्ती पेटवून त्या खुर्चीसमोर उभा राहा आणि त्यांना दे.

तुझी आजी, पो-पो